मामाची झोप आणि न्यूयॉर्कच्या टगबोटी

"मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे!"

गुरुजींनी हे तीनदा पुकारलं आणि तिन्ही वेळा मामा आला नाही. मी गौरीहरापाशी मुंडावळ्या बांधून बसलेले. बाहेर अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, मुहूर्ताला सहा मिनिटं उरलेली. शेवटी आईचा चुलतभाऊ मला घेऊन गेला. माझा सख्खा मामा तेव्हा दादरच्या त्या हॉलच्या मागच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर, बूट न काढता घोरत पडला होता. कुणीतरी त्याचा फोटोही काढला. तो अल्बममध्ये आहे आणि आमच्या घरातल्या समस्त मंडळींनी तो पाहिलेला आहे. गेली कित्येक वर्षं कुठल्याही कार्यात कुणी जांभई दिली की त्या फोटोची आठवण निघते. "कुंभकर्ण मामा" हे नाव तेव्हाच पडलं.

मामा मुंबई बंदरात टगवर होता. हर्णैहून आला, खलाशी म्हणून लागला, सारंग झाला, परीक्षा देऊन मास्टर झाला. मास्टर म्हणजे टगचा कप्तान. पण घरात त्याला कुणी कप्तान म्हटल्याचं मला आठवत नाही. कप्तान म्हणजे पांढरा गणवेश, सोनेरी पट्ट्या, परदेशच्या वाऱ्या. मामाचा शर्ट तेलकट असे आणि त्याच्या वाऱ्या म्हणजे गोदीच्या दारापासून बाहेर नांगरलेल्या जहाजापर्यंत आणि परत.

आज हे सगळं लिहायचं कारण मामा नाही, एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ आहेत. म्हणजे सुरुवात त्यांच्यापासून झाली.

मी राहते न्यू जर्सीतल्या बेयॉनला. गावाच्या दक्षिण टोकाला 'किल व्हॅन कल' नावाचा अरुंद जलमार्ग आहे. नाव ऐकून हसू येतं, पण 'किल' म्हणजे डच भाषेत खाडी किंवा ओढा. पलीकडे स्टॅटन आयलंड. न्यूअर्क आणि एलिझाबेथ बंदरांकडे जाणारी प्रचंड कंटेनर जहाजं याच चिंचोळ्या वाटेने जातात. त्यांच्यासाठी बेयॉन पुलाचा रस्ता उचलून आणखी उंच करावा लागला. ते काम २०१७ साली झालं. काठावर एक बाग आहे, तिथे मी संध्याकाळी चालायला जाते. एवढं मोठं जहाज इतक्या जवळून सरकताना पाहणं म्हणजे आपल्या गल्लीतून दहा मजली चाळ चालत गेल्यासारखं वाटतं. आणि त्या चाळीला पुढून-मागून रेटणाऱ्या, धरून ठेवणाऱ्या दोन-तीन बुटक्या बोटी. टग.

बागेत नेहमीच्या बाकावर एक आजोबा बसलेले असत. एकदा मी उगाच विचारलं, "ती बोट ढकलतेय की ओढतेय?" त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, "दोन्ही नाही. वाट बघतेय." मग कळलं की ते बत्तीस वर्षं इथल्या टगवर होते, त्यातली बावीस कॅप्टन म्हणून. मी त्यांना म्हटलं, माझा मामाही टगवर होता, मुंबईला. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "त्याला झोप लागते का आता?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. आम्ही तर उलट त्याच्या झोपेवर हसत आलो होतो.

मग बरेच दिवस मी या विषयामागे लागले. वाचलं, आजोबांना छळलं, मामाला फोन केले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

टगची कल्पना वाफेइतकीच जुनी आहे. जोनाथन हल्स नावाच्या इंग्रजाने वाफेच्या बोटीने जहाजं ओढण्याचं पेटंट १७३६ साली घेतलं होतं, पण ती योजना यशस्वी झाली नाही. पुढे १८०३ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम सिमिंग्टनच्या 'शार्लट डंडास' या बोटीने ७०-७० टनांचे दोन पडाव कालव्यातून सुमारे ३० किलोमीटर ओढून नेले, तेही समोरून वारा असताना. कालव्याच्या मालकांना वाटलं, हिच्या लाटांनी आपले काठ ढासळतील. बोट बाजूला पडली, कल्पना मात्र टिकली. शिडाच्या जहाजाची खरी अडचण भर समुद्रात नव्हती, बंदराच्या तोंडाशी होती. तिथे वारा पडला की जहाज दिवसचे दिवस अडकून राही. वाऱ्यावर अवलंबून नसलेली एक छोटी बोट ही अडचण सोडवू शकत होती.

टर्नरचं ते प्रसिद्ध चित्र अनेकांनी पाहिलं असेल, १८३९ सालचं. ट्रफल्गारची लढाई लढलेली 'टेमेरेअर' ही जुनी युद्धनौका मोडीत काढायला नेताहेत, आणि पुढे काळा धूर सोडणारी एक छोटी टग. प्रत्यक्षात दोन टग होत्या. चित्रकाराने एकच ठेवली. बघणारा हळहळतो तो त्या पांढऱ्या, थकलेल्या जहाजासाठी. टगच्या सुकाणूवर कोण उभा होता, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही तो या वर्षीच पडला.

न्यूयॉर्कला टगची गरज इतर बंदरांहून जास्त होती. मॅनहॅटन हे बेट. पश्चिमेकडून येणाऱ्या बहुतेक रेल्वे न्यू जर्सीच्या काठावर येऊन थांबायच्या. मालाचे डबे रुळांसकट मोठ्या तराफ्यांवर चढवून टग ते हडसन पार नेत. कोळसा, तेल, वाळू, विटा, शहराचा कचरा, सगळं पडावांवरून, आणि पडावांना स्वतःचं इंजिन नाही. मायकेल मोरन या आयरिश स्थलांतरिताने लहानपणी एरी कालव्यावर खेचरं हाकली. १८६० साली त्याने एका टगमध्ये निम्मा हिस्सा घेतला, २,७०० डॉलरना. त्याची कंपनी आजही आहे, धुराड्यावर पांढरा 'एम' असतो. बागेतून दिसतो.

सुरुवातीच्या त्या काळात टगचा कप्तान म्हणजे थोडाफार आपला स्टेशनबाहेरचा टॅक्सीवाला. बंदराबाहेर दूर जाऊन थांबायचं, क्षितिजावर शीड दिसलं की त्या दिशेने सुटायचं, आधी पोचेल त्याचं गिऱ्हाईक. दोन्ही बोटींवरून ओरडून घासाघीस. पुढे कंपन्या मोठ्या झाल्या आणि कामं कचेरीतून वाटली जाऊ लागली. रेडिओ येण्याआधी बॅटरीजवळच्या एका उंच इमारतीतून कंपनीचा माणूस भलामोठा कर्णा तोंडाला लावून खालच्या टगना हुकूम द्यायचा. म्हणजे काम कधी सुरू होणार, कधी संपणार, हे ठरवणारा आवाज वरून यायचा आणि खालचा माणूस चोवीस तास कान टवकारून.

माझ्या मते इथे या धंद्याची मेख आहे. टगचा कप्तान विकतो काय? आपण म्हणू कौशल्य. आणि कौशल्य लागतंच. दोर ताणलेला असताना तो टगच्या बाजूने आडवा आला, तर काही सेकंदांत टग उलटते. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मोठं जहाज थांबायला मैल-दीड मैल घेतं, त्याच्या पुढ्यात ही बोट दोर घ्यायला शिरते. न्यूयॉर्कमध्ये तर टगचा अनुभवी कप्तान शिडी चढून मोठ्या जहाजावर जायचा आणि ते जहाज धक्क्याला लावायची सूत्रं स्वतः हाती घ्यायचा. शिट्टीच्या खुणांनी खालच्या टग हलवायचा. त्याचे त्याला वेगळे पैसे मिळत.

पण आजोबा म्हणाले, "कौशल्याचे पैसे अर्धा तासाचे. बाकी पैसे हजर असण्याचे."

इथली पद्धत अशी आहे. बहुतेक ठिकाणी पगार महिन्याचा नसतो, रोजाचा असतो. टगवर जितके दिवस, तितके रोज. साधारण दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. हल्ली अनुभवी कप्तानाला दिवसाला सहाशे-सातशे डॉलर, कुठे त्याहून जास्तही मिळतात. समजा ७०० धरले आणि वर्षाचे १८२ दिवस, तर होतात १,२७,४०० डॉलर. आकडा चांगला आहे. माझे काही सहकारी ऐकून म्हणाले, "आणि अर्धं वर्ष सुट्टी! आपण उगाच कोडिंग करतोय." पण घरचे दोन आठवडे बऱ्याच कंपन्यांत बिनपगारी असतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन दिवस झोपेचं चक्र जाग्यावर आणण्यात जातात. बोटीवर असताना पाळी सहा तासांची. सहा तास काम, सहा तास विश्रांती, परत सहा काम, सहा विश्रांती. कप्तान बहुधा सकाळी सहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते मध्यरात्र घेतो. उरलेल्या दोन पाळ्या त्याचा मेट सांभाळतो.

या सहा तासांच्या विश्रांतीत जेवण, अंघोळ, कागदपत्रं, घरी फोन. खाली इंजिन धडधडतंय. राहिले चार तास. आजोबांचे शब्द, "मी तीस वर्षं एका दिवसात दोन रात्री झोपलो आणि दोन्ही अपुऱ्या."

अमेरिकेत टग चालवणाऱ्यासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा १९७२ साली झाला, त्याआधी अनेक टगवर तोही लागत नव्हता. आणीबाणी सोडली तर चोवीस तासांत बारा तासांहून जास्त काम नको, हे बंधनही कायद्यात आहे. सहा-सहाची पद्धत त्या बारा तासांत चपखल बसते. कायद्याने बारा तास मोजले, पण ते एकसंध हवेत की तुकड्यांत, हे माणसाच्या शरीरावर सोडलं.

आता संपांकडे वळते, कारण टगवाले एरवी कुणाला दिसत नाहीत, थांबले की दिसतात.

४ फेब्रुवारी १९४६. महायुद्ध संपून सहा महिने झालेले. न्यूयॉर्कचे सुमारे ३,५०० टग कामगार संपावर गेले. मागण्या दोनच, तास कमी करा आणि पगार वाढवा. अध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारने टग ताब्यात घेतल्या, पण टग ताब्यात आल्या म्हणून माणसं कामावर आली नाहीत. भर हिवाळा. शहराचा कोळसा आणि तेल यायचं पडावांवरून, आणि पडाव जागच्या जागी. १२ फेब्रुवारीला महापौर ओड्वायर यांनी इंधन वाचवण्यासाठी अख्खं शहर बंद ठेवायचा हुकूम काढला. दुकानं, कचेऱ्या, नाट्यगृहं, सिनेमे, बार, सगळं. सुमारे अठरा तास न्यूयॉर्क बंद होतं. बॉम्ब नाही, वादळ नाही. फक्त साडेतीन हजार माणसं बोटीवरून उतरली होती. दोन दिवसांत दोन्ही बाजूंनी लवाद मान्य केला आणि टग सुटल्या.

ही तारीख वाचून मी जरा थबकले. फेब्रुवारी १९४६ म्हटलं की आपल्याला दुसरंच काही आठवतं. न्यूयॉर्क बंद पडल्यानंतर सहाच दिवसांनी, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर नाविकांनी उठाव केला. तो उठाव स्वातंत्र्याचा होता, त्याची तुलना पगाराच्या संपाशी करायची नाही. पण ठिणगी कशाची होती? निकृष्ट जेवण, अपुरा पगार, अपमानाची वागणूक. महायुद्धभर पाण्यावर राबलेल्या माणसांना जगाच्या दोन टोकांना एकाच महिन्यात वाटलं की आता पुरे. याचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी मला तो योगायोग विसरता येत नाही.

टगच्या संपांतला आणखी एक किस्सा वर्तमानपत्रांना फार आवडला. १९३८ साली आणि पुन्हा १९५३ साली संप चालू असताना 'क्वीन मेरी' न्यूयॉर्कला आली. ३१० मीटर लांबीचं ते जहाज तिच्या कप्तानांनी दोन्ही वेळा टगशिवाय धक्क्याला लावलं. मोठं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण मला वाटतं, कौतुक झालं यातच सगळं आलं. क्वीन मेरीच्या कप्तानाने जे एकदा केलं त्याची बातमी झाली. टगवाले तेच काम रोज करत होते, त्याची झाली नाही.

पुढची कथा फारशी सुखाची नाही. रेल्वेचे तराफे गेले, पूल आणि बोगदे आले, ट्रक आले. टगची इंजिनं जबरदस्त झाली, कुठल्याही दिशेला फिरणारे पंखे आले, दोन टगचं काम एक करू लागली. तशी माणसं कमी झाली. १९८८ च्या संपात कंपन्यांनी बदली माणसं घेऊन टग चालू ठेवल्या आणि संघटनेचं कंबरडं मोडलं. आजोबा तेव्हा तरुण होते. कुठल्या बाजूला होते हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

आणि ११ सप्टेंबर २००१. मनोरे कोसळल्यावर मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला लोक पाण्यापर्यंत येऊन अडकले होते. तटरक्षक दलाने रेडिओवर साद घातली, असेल ती बोट घेऊन या. फेरीबोटी, मच्छीमार, टग, जे होतं ते निघालं. सुमारे नऊ तासांत जवळपास पाच लाख माणसं पाण्यावाटे बाहेर काढली. टगचा काठ उंच, माणसं चढवायला सोयीचा नाही, तरी चढवली. त्या दिवशी पाळी कुणाची, हे कुणी पाहिलं नाही.

एक प्रसंग मात्र आजोबांनी स्वतःहून सांगितला, त्यांच्या बोटीवरचा नाही. ७ जुलै २०१०, फिलाडेल्फिया. बिघाड होऊन नदीत थांबलेल्या पर्यटकांच्या बोटीवर एका टगने ढकललेला पडाव चढला. हंगेरीहून आलेले दोन तरुण विद्यार्थी गेले. त्या वेळी टगवर ड्यूटीला असलेला मेट फोनवर होता. त्याच्या लहान मुलाच्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाल्याचं त्याला कळलं होतं. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला वर्षभराची कैद झाली. चूक ती चूकच, दोन जीव गेले. त्याने पाळी दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती. आजोबा एवढंच म्हणाले, "माझी दोन्ही मुलं जन्मली तेव्हा मी पाळीवर होतो. फोन नव्हते म्हणून मी वाचलो."

त्या रात्री मी मामाला फोन केला. त्याला विचारलं, तुमची पाळी कशी असायची रे? मामा म्हणाला, "पाळी कागदावर आठ तासांची. पण गोदीत भरतीचं राज्य." मग त्याने मला तिथीचं गणित सांगितलं, जे आजीला पाठ होतं आणि मी कधी शिकले नाही. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण. मुंबईच्या जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्यांचे दरवाजे भरतीच्या आसपासच उघडत. जास्त खोल बुडणारी जहाजं उधाणाच्या पाण्याची वाट बघत. पाणी रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकतं, म्हणजे मामाची झोपही रोज पाऊण तास पुढे. आमच्या कालनिर्णयावर आम्ही सण बघायचो, मामी तिथी बघून ठरवायची की आज कुकर किती वाजता लावायचा.

मग मी घाबरत घाबरत लग्नाचं विचारलं. तो नुसता हसला. फोन मामीने घेतला.

"अगं, पौर्णिमेचे दिवस होते. रात्रभर जहाजं आत घेत होते. रजा होती त्याची, पण जादा पाळीचे पैसे मिळत होते ना. त्या महिन्यात त्याने एकही जादा पाळी सोडली नव्हती. तुझ्या पाटल्या करायच्या होत्या."

पाटल्या. त्या आत्ताही इथे कपाटात आहेत. मामाचा आहेर म्हणून सगळ्यांना कौतुकाने दाखवलेल्या. त्या मोजायच्या कशात, तोळ्यात की पाळ्यांत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. गोदीतून तो सकाळी थेट हॉलवर आला होता, कपडे बदलायला त्या खोलीत गेला, आणि गाद्या दिसल्या.

तेव्हा मंडळी, विशेषतः पुण्याची आणि ठाण्याची, एक विनंती. पुढच्या कार्यात तो फोटो काढू नका. काढायचाच असेल तर मला बोलवा, मी त्याची गोष्ट सांगेन.

आजोबांना मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर परवा दिलं. म्हटलं, नाही, मामाला अजून रात्री सलग झोप लागत नाही. दोन-तीनदा उठतो, अंगणात जाऊन समुद्राकडे बघून येतो. ते म्हणाले, "पाणी किती आहे ते बघत असेल." समोरून एक टग रिकामीच चालली होती, संथ, कुठल्याशा जहाजाला भेटायला. आम्ही दोघे ती पुलाखालून जाईपर्यंत बघत बसलो.